वर्गणी बाकी

कन्नमवार नगरात, एकशे चौदा नंबरच्या इमारतीत
जिन्याखालची खोली आमच्या भजनी मंडळाची.
मंडळ नाही आता. कुलूप आहे,
किल्ली माझ्याकडे, कारण खजिनदाराचा राजीनामा
मंजूर करायला कार्यकारिणी लागते
आणि कोरम होत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एकसष्ट सभासद,
त्यांत सात अंगठे.
वर्गणी दोन रुपये, मयत फंड वेगळा, आठ आणे.
सामान : टाळ अकरा जोड, पखवाज एक,
पेटी एक, तिची एक पट्टी बसकी,
सतरंज्या तीन,
आणि माळ्यावर तिरडीचे बांबू, कायम दोन.
त्यांच्याखाली बसूनच दर गुरुवारी गायचो.
कुणाला काही वाटायचं नाही.

नियम चार : सभासद माळकरी असावा.
नियम सहा : स्त्रियांनी दाराबाहेर बसावे.
नियम मी केलेले नाहीत. अक्षर माझं आहे.

भांडण झालं नाही, वाद नाही, माणसं सुटत गेली.
भेकरे डोंबिवलीला गेला. धोपट वारला.
वारंगांच्या शिरीषने तोंडावर सांगितलं,
काका, मी देव मानत नाही.
तोच आता ढोलपथकात.
जूनपासून सराव, कुर्त्याचे नऊशे आगाऊ,
गैरहजेरीला दंड!
आम्हाला दंड सुचलाच नव्हता.
म्हटलं, मानत नाहीस ना?
म्हणाला, वाजवतो.

गुरवांची सून पहाटे साडेपाचला पळायला जाते,
बावीस जणींबरोबर.
साडेपाच म्हणजे काकड्याची वेळ.

माझी अन्वया रविवारी खाडीवर असते,
कॉलनीच्या मागे, तिवरांत.
गुडघाभर चिखलातून बाटल्या, चपला,
मखरांचं थर्माकोल ओढून काढतात तीस-पस्तीस पोरं.
एक मेल्विन, एक सबीहा,
बाकीच्यांची आडनावं तिलाही ठाऊक नाहीत.
विचारलं, अध्यक्ष कोण? हसली.
वर्गणी? नाही. वही? ग्रुप आहे, बाबा.
नको वाटलं की बाहेर पडायचं,
कुणाला सांगावंही लागत नाही.

रात्रभर तेच डोक्यात.
आमच्यात बाहेर पडायचं कलमच नव्हतं.
मेलेल्याचंसुद्धा नाव खोडायचो नाही,
अलीकडे फक्त 'कै.' लिहायचो.

मे महिन्यात ही गेली. रात्री अडीचला.
पूर्वी एक कडी वाजवली की
चौदा माणसं खाली उभी असायची,
कोण मडक्याला, कोण दाखल्याला, न सांगता.
सवयीने खाली गेलो, कुलूप काढलं.
बांबू वाळवीने पोकळ केलेले.
हातात भुसा आला.

सहाला पोरं आली, खाडीवरच्याच बुटांत.
एकाने विचारलं, काका, काय करायचं असतं?
मी सांगत गेलो, ती करत गेली.
सबीहाने हिचे केस विंचरले,
आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून.
मला नियम सहा आठवला. आठवला एवढंच.

गायला कुणाला येत नव्हतं.
स्मशानापर्यंत नुसते बूट वाजत होते.
त्यात त्यांची चूक नाही, मीही गायलो नाही.
चाल एकट्याने धरता येते,
झेलायला माणसं लागतात.

तेरावं झाल्यावर वही काढली, नवं पान.
आलेल्यांची नावं लिहायला घेतली.
नऊ लिहिली. पुढचं आठवेना.
अन्वया म्हणाली, तो उंच मुलगा ना?
तो तेवढाच आला, बाबा, नंतर कधी दिसला नाही.
मी लिहिलं : उंच मुलगा.
वर्गणीचा रकाना अजून कोरा आहे.

इमारत पाडायची आहे दिवाळीनंतर.
नकाशात जिम आहे, पोहण्याचा तलाव आहे,
जिन्याखाली काही नाही,
जिन्याने जाणार तरी कोण.
बिल्डरचा माणूस दोनदा किल्ली मागून गेला.
त्याला सांगितलंय,
सभा घ्यावी लागेल.